सहा नावांचे पिवळे

स्प्लिटच्या बास्केटबॉल क्लबचं नाव काय, असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं लागतं: कुठल्या साली? १९४५ साली तो ‘हायदुक’ होता, कारण त्या नावाच्या फुटबॉल क्लबचीच ती एक शाखा होती. चार वर्षांनी वेगळं बिऱ्हाड थाटलं आणि तो नुसता ‘स्प्लिट’ झाला. १९६७ साली ‘युगोप्लास्तिका’. १९९० साली ‘पॉप ८४’, पुढच्याच वर्षी ‘स्लोबोदना दाल्मात्सिया’, १९९३ साली ‘क्रोआत्सिया ओसिगुरान्ये’, आणि १९९७ साली फिरून ‘स्प्लिट’. म्हणजे एक प्लास्टिकचा कारखाना, एक इटालियन कपड्यांचा ब्रँड, एक वर्तमानपत्र आणि एक विमा कंपनी. ज्याचा पैसा त्याचं नाव छातीवर. गावकऱ्यांनी मात्र ही नावं फारशी मनावर घेतली नाहीत. जर्सीचा रंग पिवळा, म्हणून त्यांच्या लेखी हा संघ ‘झुती’, म्हणजे पिवळे.

ह्या नावांपैकी ‘युगोप्लास्तिका’ तेवढं जगाच्या लक्षात राहिलं. स्प्लिट हे एड्रियाटिक समुद्राच्या काठचं बंदर. सतराशे वर्षांपूर्वी डायोक्लेशियन नावाच्या रोमन सम्राटाने तिथे निवृत्तीसाठी प्रासाद बांधला. त्या प्रासादाच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, धुणी वाळत घालतात, कॉफी पितात. ह्या जुन्या दगडी गावाबाहेर १९५२ साली प्लास्टिकचा कारखाना उभा राहिला. पादत्राणं, पिशव्या, खेळणी, मोटारींचे सुटे भाग असं काय काय तिथे तयार होई. भर होता तेव्हा दहा हजारांवर माणसं कामाला होती, आणि त्यांत बायकाच जास्त. अशा कारखान्याने गावच्या संघाला नाव दिलं. आपल्याकडे गिरणीच्या, रेल्वेच्या, बँकेच्या नावाने कबड्डीचे संघ उतरायचे, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की ह्या कारखान्याचं नाव पुढे युरोपभरच्या फळ्यावर लागलं.

लागायला वेळ लागला. १९७१ साली युगोस्लाव्ह लीगचं पहिलं विजेतेपद आलं. त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपियन चषकात प्रवेश मिळाला आणि पहिल्याच खेपेला संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला. सामना तेल अवीवला, समोर इटलीचा इग्निस वारेझे. निकाल ७०-६९. एका गुणाने गेलेला सामना एखाद्या गावाला किती वर्षं पुरतो, हे कुणी क्रिकेटवेड्याला सांगायला नको. वारेझेच्या बाकावर तेव्हा प्रशिक्षक म्हणून अलेक्सांदर निकोलिच बसले होते. सारायेव्होत जन्मलेला, युगोस्लाव्ह बास्केटबॉलचा गुरुजी म्हणावा असा हा माणूस. हे नाव लक्षात ठेवा, सतरा वर्षांनी ते ह्याच गोष्टीत परत येतं आणि तेव्हा ते दुसऱ्या बाकावर असतं.

सत्तरीचं दशक तसं भरलेलं गेलं. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं कोराच चषक, १९७७ साली पुन्हा लीग. राटो त्वर्दिच, दामिर शोल्मान, झेल्को येरकोव ही त्या काळची नावं. पेतार स्कान्सी आधी खेळाडू म्हणून गाजला, मधे इटलीत पेझारोला खेळून आला आणि मग प्रशिक्षक झाला. बाहेर जाऊन परत येणाऱ्यांत तो पहिल्या काहींपैकी. १९७९ साली भूमध्य सागरी देशांच्या क्रीडास्पर्धा स्प्लिटला भरल्या. त्यानिमित्त जुन्या ग्रीपे किल्ल्याला लागून क्रीडासंकुल उभं राहिलं. पिवळ्यांचं घर ते हेच. पण नव्या घरात नऊ वर्षं काही शुभकार्य झालं नाही. तो काळ झाग्रेबच्या सिबोनाचा आणि द्राझेन पेत्रोविचचा होता. १९८५ आणि १९८६ चे दोन्ही युरोपियन चषक सिबोनाने नेले.

१९८६ साली बेलग्रेडहून बोझिदार माल्कोविच आला. वय चौतिशीचं, नाव फारसं झालेलं नाही. त्याच्या हाती लागली ती गावातली आणि आसपासची पोरं. त्यातला एक उंच, काटकुळा, टेबल टेनिस खेळणारा मुलगा म्हणजे टोनी कुकोच. सात फुटांना जेमतेम कमी असूनही तो चेंडू एखाद्या ठेंगण्या खेळाडूसारखा खाली ठेवून पळवायचा. आणि त्याला स्वतः गुण करण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातात चेंडू नेऊन देण्यात जास्त गोडी. पुढे त्याचं टोपणनावच ‘वेटर’ पडलं. आपण ‘वाढपी’ म्हणू. १९८७ साली इटलीत बोर्मियोला ज्युनियर विश्वस्पर्धेत ह्या वाढप्याने अमेरिकेविरुद्ध लांबून बारा चेंडू फेकले आणि अकरा आत घातले. अमेरिकेतल्या क्लबांच्या हेरांनी त्याचं नाव त्या दिवशी वहीत लिहिलं असणार.

दुसरा डिनो राजा. त्याच्या आडनावाचा उच्चार खरंच आपल्या ‘राजा’च्या इतका जवळ जातो, की मराठीत दुसरं काही लिहिताच येत नाही. बास्केटखाली पाठ लावून उभा राहणारा, डावी-उजवी हुलकावणी देऊन वळणारा. तिसरा वेलिमिर पेरासोविच, नेमबाज. ह्यांच्या जोडीला माल्कोविचने बाहेरची माणसं आणली: मॉन्टेनेग्रोहून दुश्को इवानोविच, बेलग्रेडहून झोरान स्रेतेनोविच. आणि सल्लागार म्हणून बोलावलं ते निकोलिचना. १९७२ साली एका गुणाने हरवून गेलेला माणूस आता पिवळ्यांच्या सरावाला येऊन बसू लागला.

१९८८ साली लीग जिंकली. एप्रिल १९८९ मध्ये म्युनिकला युरोपियन चषकाची फायनल फोर होती. चार संघ, तीन दिवस, हरलात की घरी. स्प्लिटला कुणी धरतच नव्हतं. कुकोच वीस वर्षांचा, राजा बाविशीच्या उंबरठ्यावर, संघातला वडीलधारा म्हणजे एकतीस वर्षांचा इवानोविच. उपांत्य फेरीत बार्सिलोना समोर आली तेव्हा तिथल्या एकेका खेळाडूच्या पगारात आपला अख्खा संघ बसेल, असं युगोस्लाव्ह प्रेक्षकांना वाटलं असेल तर नवल नाही. पिवळ्यांनी ८७-७७ असा तो सामना काढला. अंतिम सामन्यात तेल अवीवची मक्काबी. गंमत अशी, की १९७२ चा तो सामना गमावला ते गाव तेल अवीव, आणि आता तिथलाच संघ पुढ्यात. ७५-६९. सर्वोत्तम खेळाडू राजा.

त्या रात्री बाकाच्या टोकाला एक अठरा वर्षांचा, सात फुटी पोरगा बसला होता. नाव झान ताबाक, जन्म स्प्लिटचाच. पुढच्या दोन वर्षांतही तो असाच राजाच्या आणि पुढे आलेल्या झोरान सावीचच्या मागे, बाकावर जास्त आणि मैदानात कमी दिसतो. चषकाच्या फोटोंत कुकोच आणि राजा पुढे असतात, ताबाक मागच्या रांगेत. ह्या क्लबची वाटचाल सांगताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हाच मागच्या रांगेतला. का, ते पुढे येईल.

म्युनिकच्या उन्हाळ्यात बोस्टन सेल्टिक्सने राजाला ड्राफ्टमध्ये निवडलं. ड्राफ्ट म्हणजे अमेरिकेतल्या क्लबांनी नव्या खेळाडूंची आपापसांत आळीपाळीने केलेली वाटणी. राजा गेला आणि सहीही करून बसला. स्प्लिटच्या क्लबने म्हटलं, थांबा, ह्याचा आमच्याशी करार आहे. प्रकरण बोस्टनच्या फेडरल न्यायालयात गेलं. दाल्मात्सियातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्याचं नाव लावणारा क्लब एका बाजूला आणि सोळा वेळा एनबीए ही अमेरिकेतली लीग जिंकलेला क्लब दुसऱ्या बाजूला. न्यायालयाने प्लास्टिकवाल्यांची बाजू उचलून धरली आणि राजाला बोस्टनकडून खेळायला मनाई केली. मग तडजोड झाली. राजा एक मोसम परत आला आणि नंतर रोमला गेला. बोस्टनला तो पोहोचला तो थेट १९९३ साली. मला ह्या खटल्याचं फार अप्रूप वाटतं. समाजवादी देशातला क्लब भांडवलदारांच्या देशात जाऊन ‘करार म्हणजे करार’ हे त्यांच्याच न्यायाधीशाकडून वदवून घेतो, ह्याहून मजेशीर काय असणार?

त्या परत आलेल्या मोसमात, १९९० साली, सारागोसाला फायनल फोर झाली. म्हणजे स्पेनमध्येच, आणि अंतिम सामना बार्सिलोनाशी. पिवळ्यांनी ७२-६७ असा जिंकला, आणि ह्या वेळी मान कुकोचला मिळाला.

मग घर रिकामं व्हायला लागलं. राजा रोमला. इवानोविच स्पेनला. खुद्द माल्कोविच ज्यांना दोनदा हरवलं त्या बार्सिलोनाकडे. कारखान्याचा हात आखडला आणि छातीवर ‘पॉप ८४’ आलं. नवा प्रशिक्षक झेल्को पावलिचेविच. सिबोनाला १९८६ चा चषक ह्यानेच मिळवून दिला होता. अशा मोडक्या घरानिशी संघ एप्रिल १९९१ मध्ये पॅरिसला गेला. उपांत्य फेरीत पेझारोला हरवलं आणि अंतिम सामन्यात पुन्हा तीच बार्सिलोना, आणि तिच्या बाकावर माल्कोविच. आपणच शिकवलेली पोरं समोर. बोस्नियातल्या झेनिकाहून आलेल्या झोरान सावीचने एकट्याने सत्तावीस गुण केले. ७०-६५. लागोपाठ तीन युरोपियन चषक. ह्याआधी ते फक्त रिगाच्या लष्करी संघाला जमलं होतं, साठीच्या दशकाच्या तोंडावर. त्यानंतर आजवर कुणालाच नाही.

त्या पॅरिसच्या संघाची हजेरी घेऊन बघा. कुकोच, पेरासोविच आणि ताबाक स्प्लिटचे क्रोएट. सावीच बोस्नियाचा. स्रेतेनोविच बेलग्रेडचा. लुका पाविचेविच मॉन्टेनेग्रोचा. पेतार नाउमोस्की मॅसेडोनियातल्या प्रिलेपचा. जो देश काही आठवड्यांत फाटणार होता, तो अख्खा ह्या बाकावर मांडीला मांडी लावून बसला होता. पॅरिसनंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ मे रोजी, स्प्लिटच्या रस्त्यावर युगोस्लाव्ह लष्कराविरुद्ध मोठी निदर्शनं झाली. त्यात लष्करातला एक मॅसेडोनियन पोरगा मारला गेला. नाउमोस्कीच्याच देशाचा. आदल्या महिन्यात ह्या गावाने एका मॅसेडोनियनला खांद्यावर घेतलं होतं. ह्यावर मी काही भाष्य करत नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, एवढंच.

जूनमध्ये रोमला युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. स्पर्धा मध्यावर असतानाच स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युगोस्लाव्ह संघातल्या युरे झ्दोव्ट्सला त्याच्या सरकारने खेळणं थांबवायला लावलं. उरलेल्यांनी सुवर्णपदक जिंकलं. ते देशाच्या जुन्या रूपातलं शेवटचं. नोव्हेंबरात युगोस्लाव्ह नौदलाने समुद्रातून स्प्लिटवर तोफा डागल्या.

अशा परिस्थितीत युरोपियन चषकाचे घरचे सामने घरी खेळणार कसे? संघटनेने सांगितलं, बाहेर खेळा. मग आता वर्तमानपत्राचं नाव लावणाऱ्या ह्या संघाचं ‘घर’ झालं अ कोरुन्या. स्पेनच्या वायव्य टोकाला, अटलांटिकच्या काठी. सिबोनाचं घर त्याच देशात पार दक्षिणेला, पुएर्तो रेआलला. बेलग्रेडच्या पार्टिझानचं घर माद्रिदजवळ फुएनलाब्रादाला. एकमेकांवर बंदुका रोखलेल्या मुलुखांचे तीन संघ एकाच परक्या देशात यजमान म्हणून बसले. आणि त्या वर्षीचा चषक कुणी जिंकला? पार्टिझानने. पिवळ्यांची मालिका तुटली.

१९९२ च्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिक. नव्या क्रोएशियाचा प्रशिक्षक स्कान्सी, संघात कुकोच, राजा, पेरासोविच आणि ताबाक. अमेरिकेशी पहिल्या गाठीत शिकागोच्या जॉर्डन आणि पिपेनने कुकोचला चार गुणांवर रोखलं. शिकागोचा मालक-कारभारी वर्ग कुकोचच्या मागे लागलाय, ह्याचा राग त्या दोघांनी बिचाऱ्या कुकोचवर काढला अशी कथा आहे आणि ती खरी असावी असं त्या सामन्याकडे बघून वाटतं. अंतिम सामन्यातही क्रोएशिया अमेरिकेशी हरला, ११७-८५. पण पदक रुप्याचं होतं. एका वर्षापूर्वी जन्मलेल्या देशासाठी ते थोडं नव्हतं.

आता ताबाक. कुकोचची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: ट्रेव्हिझो, मग शिकागो, जॉर्डनच्या शेजारी तीन अजिंक्यपदं. पण एनबीएची अंगठी मिळवणारा पहिला क्रोएट कुकोच नव्हे. तो ताबाक. १९९२ साली तो लिव्होर्नोला गेला, तिथून मिलानला, तिथून ह्यूस्टनला. तिथे ओलाजुवॉनच्या मागे बाकावर बसून १९९५ चं अजिंक्यपद. बाकावर बसण्याचा अनुभव त्याला स्प्लिटनेच भरपूर दिला होता! त्याच वर्षी टोरांटोला नवा संघ काढला आणि दुसऱ्यांच्या नको असलेल्या खेळाडूंतून जी वेचणी झाली तीत ताबाक गेला. टोरांटोहून १९९८ साली सात जणांच्या एका अदलाबदलीत बोस्टनला. राजा तिथून आदल्याच वर्षी निघून गेला होता. मग इस्तंबूल, फेनरबाखचे. मग इंडियाना, प्रशिक्षक लॅरी बर्ड, आणि २००० सालची एनबीएची अंतिम फेरी. मग स्पेन: माद्रिद, बादालोना, मालागा. मोजायला बोटं पुरत नाहीत.

असा माणूस गावोगाव का चालतो? तारा असला तर कळतं. ताबाक तारा नव्हता. सात फुटी माणसं शोधायला गेलं तर बरीच सापडतात. पण खेळाची चाल डोक्यात असलेला, ज्याला मैदानात पाच मिनिटं दिली तर पाचही मिनिटं जागेवर सापडतो, असा सात फुटी दुर्मीळ. हे स्प्लिटच्या सरावातून आलेलं. ग्रीपेच्या हॉलमध्ये राजाला रोज आडवं जाऊन शिकलेलं. क्लबची खरी पारख त्याच्या बाकावरच्या माणसावरून करावी, असं माझं मत आहे. पुढे बसलेले कुणाच्याही अंगणात उगवतात.

ह्याचा एक पुरावा स्पेनच्या बास्क मुलुखात, व्हिटोरियाला मिळतो. पेरासोविच तिथे वर्षानुवर्षं खेळला. २००० साली तिथल्या संघाचा प्रशिक्षक झाला इवानोविच. पुढे पेरासोविच प्रशिक्षक झाला. पेरासोविचनंतर २००७ साली माल्कोविच स्वतः आला. मधे परत आलेला इवानोविच २०१२ साली पुन्हा गेला तेव्हा त्याच्या जागी बसला ताबाक. म्युनिकच्या एका बाकावरचे चौघे, एकाच परक्या गावच्या एकाच खुर्चीत. २००५ साली इवानोविचचा व्हिटोरिया युरोलीगच्या अंतिम सामन्यात मॉस्कोला मक्काबीशी हरला. तेव्हा मक्काबीच्या मध्यभागी होता निकोला वुयचिच, तोही स्प्लिटमध्येच घडलेला. माल्कोविचने मधल्या काळात फ्रान्समध्ये लिमोझला आणि ग्रीसमध्ये पानाथिनाइकोसला युरोपियन चषक मिळवून दिले. पावलिचेविच जपानला पोहोचला आणि २००६ साली त्यांच्या राष्ट्रीय संघाला मायदेशातल्या विश्वस्पर्धेत घेऊन उतरला.

घरी मात्र दिवस तंग होते. क्रोएशियाच्या लीगमध्ये १९९२ पासून सलग अकरा वर्षं सिबोना. पिवळ्यांच्या वाट्याला अधूनमधून देशी चषक. २००३ साली ती साखळी एकदाची तोडली, आणि त्या संघात छत्तीस वर्षांचा राजा होता. अथेन्स, पिरेयस, झाग्रेब असा हिंडून परत आलेला, गुडघे झिजलेला. ते अजिंक्यपद घेऊन तो थांबला. त्याच संघात अठरा वर्षांचा रोको उकिच होता. तो दोन वर्षांनी निघाला आणि त्याने ताबाकचीच वाट धरली: व्हिटोरिया, बार्सिलोना, रोम, टोरांटो, मिलवॉकी, इस्तंबूल, अथेन्स. 

दरम्यान मूळ कारखाना बुडाला, इमारती पाडल्या, जागेवर मॉल आला. गिरणगावातल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. २००८ च्या अखेरीस गावात बारा हजार माणसं मावतील असं नवं कोरं स्टेडियम उभं राहिलं. पिवळे मात्र किल्ल्याजवळच्या जुन्या ग्रीपेतच खेळतात.

आणि ताबाक? प्रशिक्षक म्हणून तो स्पेनमध्ये, इस्रायलमध्ये, पोलंडमध्ये फिरत राहिला. २०२४ च्या जूनमध्ये त्याने पोलंडमधल्या सोपोतच्या संघाला त्याच्या आयुष्यातलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. सोपोत हे बाल्टिक समुद्राच्या काठचं गाव, उन्हाळ्यात पुळणीवर गर्दी असते. संघाचं नाव ‘ट्रेफल’. ते एका कारखान्याचं नाव आहे, मुलांची जिगसॉ कोडी आणि पत्त्यांचे कॅट बनवणाऱ्या. जर्सीचे रंग दोन, काळा आणि पिवळा.